प्रत्येक कोरचं स्वतःचं पावतीपुस्तक

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या गल्लीच्या गणपतीची वर्गणी पूर्वी एकाच वहीत लिहिली जायची. वही एक आणि पोरं सहा. एकजण कोपऱ्यावरच्या वाड्यात काकूंकडून पैसे घेऊन नाव-रक्कम लिहीत असला की बाकीचे पाच फाटकाशी उभे. मग वही घेऊन दुसरा समोरच्या बिल्डिंगमध्ये पळायचा. तोवर तिसऱ्याच्या हातात एखाद्या काकांनी दारातच नोट ठेवलेली असायची आणि लिहायला वही नसायची. दोन वर्षांपूर्वी मंडळानं सहा पावतीपुस्तकं छापून घेतली. ज्याचं पुस्तक त्याच्याजवळ, ज्याची पावती त्यानंच फाडायची. काम भराभर उरकलं. सगळे खूश झाले, फक्त खजिनदार काकांचा जीव थाऱ्यावर नव्हता. "अरे, पण या घडीला एकूण किती जमले, हे मला कोण सांगणार?"

मी इथल्या एका कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवते. काकांचा तो प्रश्न ऐकला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मी तोच फळ्यावर लिहिला. कारण अनेक प्रोसेसर असलेल्या संगणकाचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहिणाऱ्यांनी वर्षानुवर्षं याच प्रश्नाशी झुंज दिली आहे. त्यांनी काढलेल्या तोडग्याला 'पर-सीपीयू डेटा' म्हणतात, म्हणजे प्रत्येक प्रोसेसरला त्याची वेगळी प्रत.

आधी एक गैरसमज दूर करते. पुष्कळांना वाटतं की कर्नल हा एखाद्या साहेबासारखा एका कोरवर (एकाच चिपवरच्या अनेक प्रोसेसरांपैकी एकावर) बसून बाकीच्यांना हुकूम सोडतो. तसं नसतं. तुमच्या मोबाइलमध्ये ८ कोर असतील, तर आठही कोर गरज पडेल तेव्हा कर्नलचाच कोड स्वतः चालवतात आणि तोही एकाच वेळी. कोड एक, मेमरी एक, चालवणारे आठ.

आता नेटवर्कवरून आलेली पाकिटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, मोजायची आहेत असं धरा. त्यासाठी एक काउंटर आहे आणि त्यात सध्या ४१ आहेत. 'एक वाढव' हे आपल्याला एकच काम वाटतं, पण त्यात तीन पायऱ्या असतात: आकडा वाचायचा, त्यात १ मिळवायचा, परत लिहायचा. पहिल्या कोरनं ४१ वाचले. त्याच घडीला दुसऱ्यानंही ४१ वाचले. पहिल्यानं ४२ लिहिले, दुसऱ्यानंही ४२ लिहिले. पाकिटं आली दोन, नोंद झाली एकाची. गंमत म्हणजे कुठलाही एरर आला नाही, काही बंद पडलं नाही. नुसता हिशेब चुकला, आणि असा चुकलेला हिशेब शोधून काढणं फार जिकिरीचं असतं.

यावर पहिला उपाय लॉकचा. वही ज्याच्या हातात, तोच लिहील. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमनं १९९६ साली २.० या आवृत्तीत अनेक प्रोसेसर चालवायला सुरुवात केली, तेव्हा अख्ख्या कर्नलला मिळून एकच मोठं लॉक होतं. एका वेळी एकच कोर कर्नलमध्ये, बाकीचे दाराबाहेर. सुरुवातीला तेच शहाणपणाचं होतं, कारण त्या वेळी दोन-चार प्रोसेसर म्हणजे डोक्यावरून पाणी. पुढे त्या लॉकचे तुकडे करत करत ते पूर्ण काढून टाकायला २०११ उजाडलं, आवृत्ती २.६.३९. पंधरा वर्षं! एकदा सामायिक ठेवलेली गोष्ट नंतर वेगळी करणं किती अवघड असतं, ते एकत्र कुटुंबातल्या वाटण्या पाहिलेल्यांना मी सांगायला नको.

लॉक बारीक केलं की काम भागेल असं वाटतं. त्याहून पुढे जाऊन, प्रोसेसरमध्ये अशा सूचनाही असतात की ज्यात वाचणं-वाढवणं-लिहिणं हे सगळं अखंड होतं, मध्ये कुणी शिरू शकत नाही. त्यांना ॲटॉमिक सूचना म्हणतात. मग लॉकही नको. हिशेब बरोबर येतो. तरीही आठ कोर मिळून एकच काउंटर वाढवायला लागले, तर एकट्या कोरपेक्षाही काम रेंगाळतं. प्रॅक्टिकलमध्ये विद्यार्थी हे पहिल्यांदा पाहतात तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. कोर वाढवले आणि वेळही वाढला? मॅडम, प्रोग्रॅम चुकला असेल, असं म्हणून ते पुन्हा चालवून बघतात.

प्रोग्रॅम बरोबरच असतो. वहीसाठी रांग लागली नाही असं जरी मानलं, तरी वही या घरातून त्या घरात न्यावी तर लागतेच ना? खरा वेळ तिथे जातो, आणि या विषयात एवढी एक गोष्ट नीट कळली की पुढचं सगळं आपोआप उलगडतं, म्हणून इथे जरा थांबू.

प्रत्येक कोरजवळ त्याची छोटी, अतिशय वेगवान मेमरी असते. तिला कॅश म्हणतात. मुख्य मेमरीतला मजकूर तिथे एकेक बाइट करून येत नाही, ठरावीक मापाच्या तुकड्यांत येतो. या तुकड्याचं नाव कॅश लाइन. इंटेल आणि एएमडीच्या आजच्या प्रोसेसरमध्ये तिचं माप ६४ बाइट. नियम असा की वाचण्यासाठी एकाच लाइनची प्रत कितीही कोरांनी ठेवावी, पण लिहायचं असेल तर ती लाइन एकट्याच्याच ताब्यात हवी. म्हणजे कोर क्रमांक ३ ला काउंटर वाढवायचा असेल, तर तो आधी बाकीच्या सगळ्यांना कळवतो की तुमच्याकडच्या प्रती आता रद्द समजा. मग लाइन त्याच्याकडे येते. पुढच्याच क्षणी कोर ५ ला तोच काउंटर वाढवायचा असतो, की पुन्हा तीच वरात निघाली.

आपल्याच कॅशमधला आकडा वाचायला प्रोसेसरला चार-पाच ठोके लागतात. तीन गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके, तेव्हा हा वेळ नगण्यच. पण शेजारच्या कोरनं नुकतीच बदललेली लाइन मागवायची तर ठोके कितीतरी पटींनी वाढतात, आणि तो कोर दुसऱ्या चिपवर बसलेला असला तर ते काही शेंवर जातात. एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर आकडा एकनं वाढवण्यासाठी!

म्हणून तोडगा निघाला तो पावतीपुस्तकांचा. आठ कोर, आठ काउंटर. ज्यानं त्यानं आपला वाढवावा, कुणी कुणाला विचारायचं नाही. आता मुलं उत्साहानं आठ खान्यांची ॲरे लिहितात, एकेक खाना ८ बाइटचा, कोर क्रमांकाप्रमाणे ज्याचा त्याला. चालवून बघतात, तर वेग अजून रडतखडतच. ८ गुणिले ८ किती? ६४. आठही काउंटर नेमके एका कॅश लाइनमध्ये जाऊन बसले. कोड वाचला तर कुणीच कुणाच्या खान्याला हात लावत नाही, पण हार्डवेअरला खाने दिसत नाहीत, लाइन दिसते. सहा पोरांसाठी सहा रकाने आखले, पण पान एकच ठेवलं, तसं हे झालं. या घोळाला फॉल्स शेअरिंग म्हणतात. दरवर्षी वर्गातलं कुणी ना कुणी त्यात अडकतंच, आणि खरं सांगायचं तर अडकलेलं बरं, कारण मग ते जन्मभर विसरत नाहीत.

प्रत्येक काउंटरभोवती रिकामी जागा सोडून त्याला स्वतंत्र लाइन द्यावी, हा एक इलाज. पण ८ बाइटसाठी ५६ बाइट वाया घालवायचे, आणि असे शेकडो काउंटर असले की कॅश नुसत्या पोकळीनंच भरते. लिनक्सनं काढलेली युक्ती याहून फार सुंदर आहे. कर्नलभर विखुरलेले जेवढे म्हणून पर-सीपीयू व्हेरिएबल आहेत, ते कोडपासून कर्नल तयार करतानाच एका वेगळ्या विभागात गोळा केले जातात. हा झाला नमुना. संगणक सुरू होताना कर्नल बघतो की जास्तीत जास्त किती प्रोसेसर असू शकतील, आणि या अख्ख्या नमुन्याच्या तेवढ्या प्रती काढतो. कोर ३ चे सगळे आकडे एका जागी सलग, कोर ५ चे दुसरीकडे सलग. आता एका लाइनमध्ये आठ आकडे बसले तरी हरकत नाही, कारण ते आठही एकाच घरचे आहेत. जागा वाया जात नाही आणि कुणाची लाइन कुणी पळवत नाही. मोठ्या सर्व्हरवर, जिथे मेमरीचा काही भाग एका चिपच्या जवळ आणि काही दुसऱ्या चिपच्या जवळ असतो, तिथे ज्याची प्रत त्याच्याच जवळच्या मेमरीत ठेवली जाते.

पण कोरला आपली प्रत कोणती हे कळतं कसं? इंटेल-एएमडीच्या ६४ बिटांच्या प्रोसेसरमध्ये 'जीएस' नावाचं एक रजिस्टर, म्हणजे कोरच्या आतलाच एक छोटा खाना, आहे. प्रत्येक कोरच्या जीएसमध्ये त्याच्या स्वतःच्या प्रतीचा पत्ता भरलेला असतो. कोडमध्ये एवढंच लिहायचं: जीएसपासून अमुक अंतरावरचा आकडा वाढव. सूचना अक्षर न अक्षर तीच, पण ती कोर ३ वर चालली की ३ चं पुस्तक उघडतं, ५ वर चालली की ५ चं. आर्मच्या ६४ बिटांच्या प्रोसेसरवर, म्हणजे बहुतेक मोबाइलमध्ये, हेच काम कर्नलसाठी राखलेलं दुसरं एक रजिस्टर करतं. 'या क्षणी इथे कोणतं काम चालू आहे' ही कर्नलमधली अगदी मूलभूत माहितीसुद्धा इंटेल-एएमडीवर अशीच पर-सीपीयू ठेवलेली असते. ते बरोबरही आहे, प्रत्येक कोरचा 'आत्ता' वेगळाच असतो.

तुमच्याकडे लिनक्स असेल तर हे डोळ्यांनी बघता येतं. 'प्रोक' फोल्डरमध्ये 'इंटरप्ट्स' नावाची फाइल आहे, ती उघडा. डावीकडे इंटरप्टचे, म्हणजे उपकरणं प्रोसेसरला मारतात त्या हाकांचे, क्रमांक, उजवीकडे कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क अशी नावं, आणि मध्ये जेवढे कोर तेवढे रकाने. एखाद्या रकान्यात लाखांचे आकडे, शेजारच्यात शून्य. हीच ती पावतीपुस्तकं, आहेत तशी उघडून समोर ठेवलेली. त्याच फोल्डरमधल्या 'स्टॅट' फाइलमध्ये पहिली ओळ सगळ्या कोरांच्या बेरजेची आणि खाली एकेका कोरची. ती बेरीज कुठे साठवलेली नसते, तुम्ही फाइल उघडता तेव्हा केली जाते.

आता यातला खड्डा. कोडनं विचारलं, मी कुठल्या कोरवर आहे? उत्तर आलं, ३. त्यानं ३ च्या प्रतीचा पत्ता काढला. तेवढ्यात शेड्यूलरनं, म्हणजे कुठलं काम कुठल्या कोरवर कधी चालेल हे ठरवणाऱ्या कर्नलच्या भागानं, त्या कामाला थांबवलं आणि पुन्हा सुरू केलं ते कोर ५ वर. हातात पत्ता मात्र अजून ३ चाच. आता ५ वर बसून तो ३ च्या पुस्तकात लिहितोय, आणि ३ वरचं नवं कामही त्याच पानावर लिहितंय. लॉक तर आपण केव्हाच काढून टाकलंय. म्हणजे फिरून ४१ आणि ४२ चीच गोष्ट.

म्हणून नियम असा: आपल्या प्रतीला हात लावायच्या आधी, मला आता मध्येच हलवू नका, असं शेड्यूलरला सांगायचं. याला प्रीएम्प्शन बंद करणं म्हणतात. ते स्वस्त असतं, एक आकडा वाढवायचा आणि काम झालं की कमी करायचा. तो आकडाही इंटेल-एएमडीवर पर-सीपीयूच असतो. अट एकच, या मधल्या काळात झोपायचं नाही, डिस्कची किंवा दुसऱ्या कशाची वाट बघत बसायचं नाही. आणि नुसता एक आकडाच वाढवायचा असेल, तर जीएसवाली ती एक सूचना पुरते. कामाला थांबवणं असो की इंटरप्ट, ते दोन सूचनांच्या मध्ये येतात, एका सूचनेच्या पोटात शिरत नाहीत. त्यामुळे प्रीएम्प्शन बंद करायला नको, लॉक नको, ॲटॉमिकचा भार नको.

एवढ्यानंही सगळं निभतं असं नाही. पोरगा पावती लिहितोय, नाव लिहून झालंय, रक्कम राहिलीय, आणि तेवढ्यात शेजारच्या दारातून आजी हाक मारतात, "अरे बाळा, यांना बाहेर जायचंय, आधी यांची पावती फाड." पुस्तक त्याचंच, हात त्याचाच, पण आधीची पावती अर्धवट आणि त्यातच दुसरी सुरू. कर्नलमध्ये ही आजींची हाक म्हणजे इंटरप्ट. नेटवर्क कार्डानं हाक मारली की कोर हातातलं सोडून आधी तिकडे बघतो, आणि तिथला कोडही कदाचित याच कोरच्या याच आकड्यांना हात लावणार असतो. एकमेकांशी जुळायला हवेत असे दोन-तीन आकडे बदलायचे असतील, तर तेवढा वेळ त्या कोरवरचे इंटरप्टही थोपवावे लागतात. 'पर-सीपीयू आहे, म्हणजे दुसरं कुणी येणार नाही' या भरवशावर लिहिलेला कोड मी बराच वाचलाय. दुसरा कोर येणार नाही हे खरं. पण त्याच कोरवरचा पाहुणा येतो.

आता काकांच्या प्रश्नाकडे वळू. एकूण किती?

आठही आकड्यांची बेरीज करावी, हे सरळ उत्तर. पण पहिल्या कोरचा आकडा वाचून आठव्यापर्यंत पोचेस्तोवर पहिल्याचा बदललेला असतो. जी बेरीज हाती येते ती कुठल्याच एका क्षणाची खरी बेरीज नसते, जवळपासची असते. शिवाय एकेकट्या आकड्याला कधी कधी अर्थच नसतो. मेमरीचं एक पान, म्हणजे ठरावीक मापाचा एक तुकडा, कोर २ वर दिलं गेलं आणि कोर ६ वर परत आलं, तर २ च्या पुस्तकात अधिक १ आणि ६ च्या पुस्तकात उणे १. ६ कडे वापरात उणे एक पान आहे, असं म्हणून भागेल का? आकडा चुकलेला नाही. त्याला अर्थ येतो तो फक्त बेरजेत.

लिनक्समध्ये यासाठी एक तयार साधन आहे. मधोमध एक सामायिक आकडा, आणि प्रत्येक कोरकडे स्वतःचा सुटा आकडा. सुट्यात ठरावीक मर्यादेइतकं जमलं की तेवढं उचलून मधल्यात टाकायचं. ही मर्यादा साधारणपणे ३२, किंवा कोरांच्या संख्येची दुप्पट, यांतलं जे मोठं असेल ते. म्हणजे ८ कोरांच्या यंत्रावर मधला आकडा खऱ्यापेक्षा फार तर ८ गुणिले ३२, साधारण २५६ इतकाच मागे-पुढे असेल. काटेकोर नाही, पण किती चुकू शकतो हे ठाऊक आहे, आणि मला हीच त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

त्या चुकीचा हिशेब कसा लावायचा, ते ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम (डिस्कवरच्या फाइलींची व्यवस्था बघणारा लिनक्सचा भाग) छान दाखवते. डिस्कवर मोकळी जागा किती, हे ती अशाच काउंटरमध्ये ठेवते. जागा मुबलक असली की मधला अंदाजी आकडा बघून फाइल लिहायला परवानगी देते. जागा संपत आली, उरलेला आकडा त्या संभाव्य चुकीच्या आसपास आला, की मग मात्र अंदाजावर न जाता सगळ्या कोरांकडे फिरून पक्की बेरीज करते. काकांनीही शेवटी हेच केलं. त्यांना एकूण आकडा हवा होता तो मांडववाल्याला २५,००० रुपये द्यायचे होते म्हणून. पोरं रोज रात्री हजार-हजारांचे गठ्ठे जमा करत. गठ्ठे १२,००० चे असताना कुणाला विचारायची गरज नव्हती. ते २३,००० वर आले, त्या रात्री काकांनी सहाही जणांना पुस्तकांसकट ओट्यावर बोलावलं आणि नोटा मोजल्या.

तेव्हा पर-सीपीयू करायचं की नाही हे ठरवताना मी मुलांना पहिल्यांदा हेच विचारायला लावते: एकूण आकडा कुणाला हवाय, किती वेळा हवाय आणि किती पक्का हवाय? लिहिणारे सतत आणि विचारणारा क्वचित असेल, तर डोळे मिटून वेगळं करावं. दर लिहिण्याला बेरीजही लागणार असेल, तर वेगळं करून उलट तोटा होतो. मेमरीही लागते, २५६ कोरांच्या सर्व्हरवर प्रत्येक बाइटचे २५६ होतात. आणि काही आकडे शून्यावर आले की नाही हे त्याच क्षणी कळावं लागतं, जसं एखादी वस्तू अजून किती जण वापरताहेत हे. शेवटचा गेला की ती मोडीत काढायची असते. तिथे कर्नल मधला मार्ग काढतो. वस्तू चालू आहे तोवर मोजणी वेगवेगळ्या प्रतींत, आणि आता आवरतं घ्यायचं असं ठरलं की सगळ्या प्रती एकत्र ओतून तिथून पुढे एकच ॲटॉमिक आकडा.

ही पद्धत काउंटरपुरती नाही. लिनक्स २.४ पर्यंत चालायला तयार असलेल्या सगळ्या कामांची रांग एकच होती आणि तिला लॉकही एकच. २००२ मध्ये इंगो मोल्नार यांनी लिहिलेल्या नव्या शेड्यूलरनं प्रत्येक कोरला स्वतःची रांग दिली. मग साहजिकच एका रांगेत गर्दी आणि दुसरा कोर माश्या मारतोय असं व्हायला लागलं, म्हणून अधूनमधून इकडची कामं तिकडे करावी लागतात. मेमरीची मोकळी पानंही प्रत्येक कोर थोडी थोडी स्वतःजवळ बाळगतो. सराफा बाजारातला खाण्याचा गाडीवाला दर प्लेटमागे गोदामात जात नाही, गठ्ठा आणून हाताशी ठेवतो, तसंच. २०१८ च्या ४.१८ आवृत्तीपासून तर कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅमनाही पर-सीपीयू डेटा वापरायची सोय झाली आहे. मध्येच हलवलं गेलं तर तो छोटा तुकडा कर्नल पुन्हा पहिल्यापासून करायला लावतो.

राहता राहिली गोष्ट मध्येच निघून जाणाऱ्याची. गेल्या वर्षी सहातल्या एकाला वर्गणी चालू असतानाच परीक्षेसाठी पुण्याला जावं लागलं. पुस्तक त्याच्या बॅगेत तसंच गेलं असतं, तर तेवढे पैसे हिशेबातून गायब. काका सरवटे बसस्टँडवर गेले, त्याची शेवटची पावती फाडून झाल्याची खात्री केली, मग पुस्तक आणि पैसे मोजून घेतले. कोरही असे जातात, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा. लिनक्सच्या लॅपटॉपचं झाकण मिटून तो गाढ झोपेत गेला, की सुरुवातीचा एक कोर सोडून बाकीचे एकेक करून बंद केले जातात. जाणाऱ्या कोरवरची कामं आधी दुसरीकडे हलवतात, इंटरप्ट दुसऱ्याकडे वळवतात. तो पुरता थांबला की मगच मागे राहिलेला कोर त्याच्या काउंटरमधला सुटा आकडा उचलून सामायिक आकड्यात घालतो आणि तिथे शून्य लिहितो. आधीच उचलला आणि तो कोर अजून मोजतच असला, तर पुढची मोजणी हरवेल. त्याची प्रत मात्र टाकून दिली जात नाही. झाकण उघडलं की तो कोर जागा होतो, त्याच्या जीएसमध्ये तोच जुना पत्ता भरला जातो, आणि तो त्याच पानावर नव्यानं मोजायला लागतो.